खेळाचे मैदान आणि सरहद्दीचा दरवाजा



आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी तालीम, शिष्यवृत्त्या, परीक्षांचे निकाल आणि समाजाच्या गरजा यांविषयी लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. यंदा मी आपणांपुढे इतिहासातील एक निराळा प्रश्न ठेवीत आहे. एखाद्या देशात आंतरराष्ट्रीय सामने भरले, परमुलखातून खेळाडू आणि प्रेक्षक आले, तर त्या दिवसांत कागदपत्रे तपासणाऱ्या सरकारी अंमलदाराने आपला हात किती आवरता घ्यावा? त्याने मैदानाच्या फाटकावर उभे राहून प्रत्येकाचा पासपोर्ट मागावा, की सरहद्दीवर एकदा तपासणी झाली म्हणजे पाहुण्याला निर्धास्तपणे खेळ पाहू द्यावा?

आपण म्हणाल, वलगावात बसून या प्रश्नाशी आपले काय काम? परंतु वाचकहो, काम आहे. फाळणीनंतर ज्या घराण्यांचे एक माणूस सरहद्दीच्या पलीकडे गेले, अशी घराणी आपल्या वऱ्हाडातही आहेत. ज्यांची मुले नोकरीनिमित्त आखाती देशांत आहेत अशी कुटुंबे तर त्याहून अधिक. व्हिसा, पासपोर्ट, पोलिस ठाण्यातील नोंद हे शब्द या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असतात. आणि क्रिकेटचा सामना असला म्हणजे आपल्या गल्लीत काय वातावरण असते हे मी आपणांस सांगावयास नको. तेव्हा खेळ आणि सरहद्द यांचा संबंध इतिहासात कसकसा आला, हे क्रमाने पाहू.

जुना रिवाज

प्राचीन ग्रीस देशात ऑलिंपियाचे खेळ भरत तेव्हा निरनिराळ्या नगरराज्यांत पुष्कळदा वैर असे. म्हणून खेळांच्या आधी दूत पाठवून एक करार जाहीर केला जाई. त्या काळात ऑलिंपियाकडे जाणाऱ्या आणि तेथून परतणाऱ्या खेळाडूंना व प्रेक्षकांनाही वाटेत कोणी अडवू नये, असा तो नियम होता. त्यामुळे सर्व लढाया थांबत असे नव्हे, पण मुसाफिराची वाट मोकळी राही.

अरबस्तानातही इस्लामपूर्व काळापासून असाच रिवाज होता. जिल्काद, जिल्हज, मुहर्रम आणि रजब हे चार महिने पवित्र मानले जात व त्यांत लढाई वर्ज्य असे. जिल्काद महिन्यात उकाझची प्रसिद्ध जत्रा भरे. तेथे व्यापार होई आणि कवींच्या स्पर्धाही होत. ज्या टोळ्या एरवी एकमेकींच्या रक्ताच्या तहानेल्या, त्यांची माणसे तेथे एकत्र बसत. इस्लामने या महिन्यांचा मान कायम ठेवला. पुढे फिक्हच्या ग्रंथांत ‘अमान’ म्हणजे अभयवचनाचे नियम सविस्तर लिहिले गेले. ज्याला एकदा अमान दिले त्याला त्रास देणे हा वचनभंग ठरे. आश्रय मागणाऱ्या परक्याला आश्रय द्यावा आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोचवावे, अशी शिकवण सूरह तौबामध्ये आहे.

या दोन्ही रिवाजांत एक गोष्ट समान आहे. अभय आधी जाहीर केले जाई, त्याची मुदत ठरलेली असे आणि ते नामांकित पाहुण्यापुरते नसून साध्या वाटसरूलाही लागू असे. पुढील इतिहास वाचताना ही खूण ध्यानात ठेवावी.

बर्लिन आणि अमरावतीचे खेळाडू

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. आपल्या शेजारच्या अमरावती शहरातील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही १९१४ साली स्थापन झालेली संस्था आपणां सर्वांना परिचित आहे. या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीस गेले होते आणि त्यांनी तेथे कबड्डी व इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. वऱ्हाडातील तरुणांनी त्या काळी बोटीने एवढा प्रवास करून आपला मातीतला खेळ जगाला दाखवावा, ही आपणांस अभिमानाची बाब आहे.

परंतु ते ज्या शहरात पोचले तेथे त्या दिवसांत काय चालले होते? हिटलरच्या राजवटीत ज्यू लोकांना मज्जाव करणाऱ्या पाट्या रस्त्यांवर व दुकानांवर लावलेल्या होत्या. पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून खेळांच्या मुदतीपुरत्या यांपैकी पुष्कळशा पाट्या काढून ठेवण्यात आल्या. परदेशी प्रेक्षकाला शहर स्वच्छ, शिस्तबद्ध आणि सौजन्यशील दिसले. त्याच वेळी, खेळ सुरू होण्याच्या सुमारे पंधरवडा आधी, १६ जुलै १९३६ रोजी बर्लिनच्या पोलिसांनी शेकडो रोमा, म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणत, अशा कुटुंबांना पकडून शहराबाहेर मार्त्सान येथील छावणीत नेऊन टाकले. खेळ संपले, पाहुणे परतले, पाट्या पुन्हा लागल्या. मार्त्सानची छावणी मात्र उठली नाही. तेथील अनेकांना पुढे १९४३ साली ऑशविट्झला पाठविण्यात आले.

पाहुण्याच्या डोळ्यांसमोर कायदा सैल करावयाचा आणि त्याच्या पाठीमागे दुबळ्यांवर अधिक घट्ट आवळावयाचा, हा प्रकार इतिहासात येथे स्पष्ट दिसतो. याला अमान म्हणता येणार नाही.

त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली भारतीय हॉकी संघाने जर्मनीचा ८–१ असा पराभव केला. त्या संघात अली दारा नावाचे खेळाडू होते. त्यांना हिंदुस्थानातून विमानाने तातडीने बोलावून घेतले होते. बारा वर्षांनी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हेच दारा पाकिस्तानच्या हॉकी संघाचे कर्णधार म्हणून उतरले. माणूस एकच, खेळ एकच, मध्ये एक सरहद्द उभी राहिली होती.

परमिटपासून व्हिसापर्यंत

फाळणीनंतर काही महिने लोक दोन्ही देशांत ये-जा करीत होते. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिटची पद्धत सुरू केली. पाकिस्ताननेही तेच केले. त्यानंतर १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसा यांची पद्धत आली. जो मुलूख कालपर्यंत आजोळ किंवा सासर होता तो आता कागदोपत्री परदेश झाला.

विद्यार्थिमित्रांनो, तारीख नीट पाहा. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबर १९५२ रोजी, दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांच्यातील पहिला कसोटी सामना सुरू झाला. पाकिस्तानचे कर्णधार अब्दुल हफीज कारदार हे पूर्वी भारताकडून खेळलेले. त्यांच्या संघातील अमीर इलाहीही तसेच. उलट लाहोरचे गुल महंमद त्या मालिकेत भारताकडून खेळले आणि पुढे १९५६ साली पाकिस्तानकडून. दिल्लीच्या सामन्यात हेमू अधिकारी आणि हैदराबादचे गुलाम अहमद या जोडीने भारताच्या शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या, विनू मांकड यांनी सामन्यात १३ बळी घेतले आणि भारत एक डाव व ७० धावांनी जिंकला. पुढे लखनौला फजल महमूद यांनी १२ बळी घेऊन पाकिस्तानला विजय मिळवून दिला. पाच सामन्यांची ती मालिका भारताने २–१ अशी जिंकली. सरहद्दीवर कुलूप लागले त्याच आठवड्यात खेळाची खिडकी उघडली, असा हा योग होता.

व्हिसाची ही पद्धत नुसती सरहद्दीवर संपत नव्हती. पाकिस्तानी पाहुण्याला व्हिसा देशाचा नसून ठराविक शहरांचा मिळे. नागपूरचा व्हिसा असलेल्या माणसाला अमरावतीस यावयाचे झाल्यास वेगळी परवानगी लागे. गावी पोचताच पोलिसांत हजेरी द्यावी लागे आणि निघतानाही कळवावे लागे. ज्या घरी असा पाहुणा लग्नकार्यास आला असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. पाहुण्याच्या हातात पहिला चहाचा पेला देण्याआधी त्याच्या कागदांची काळजी वाटे. कोणाचाही गुन्हा नसताना यजमान आणि पाहुणा दोघेही अपराध्यासारखे ठाण्याच्या बाकावर बसत. कायदा पाळावयास हवा, यात वाद नाही. पण कायद्याचा भार कोणावर पडतो हेही पाहावयास हवे.

लाहोरचे चार दिवस

या पार्श्वभूमीवर १९५५ साली जे घडले ते वाचले म्हणजे आजही नवल वाटते. विनू मांकड यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला होता. तिसरा कसोटी सामना २९ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५५ या काळात लाहोरच्या बागे जिन्ना मैदानावर झाला. या सामन्यासाठी सरहद्दीवरील निर्बंध सैल करण्यात आले आणि भारतातून सुमारे दहा हजार प्रेक्षक वाघ्याचे फाटक ओलांडून लाहोरास गेले. अमृतसर आणि लाहोर यांतील अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे सकाळी जावे, खेळ पाहावा आणि रात्री अमृतसरास परतावे, असा पुष्कळांचा क्रम होता.

आठ वर्षांपूर्वी, १९४७ साली, याच रस्त्याने दोन्ही बाजूंचे लाखो लोक जीव मुठीत धरून पळाले होते. त्यानंतर एवढ्या मोठ्या संख्येने माणसे ही सरहद्द ओलांडीत होती ती प्रथमच, आणि ती खेळ पाहण्यासाठी. त्यांत फाळणीपूर्वी लाहोरात राहिलेले हिंदू आणि शीखही होते. त्यांनी आपल्या जुन्या गल्ल्या पाहिल्या. सामना अनिर्णित राहिला. मकसूद अहमद ९९ धावांवर बाद झाले. किंबहुना त्या दौऱ्यातील पाचही कसोटी सामने अनिर्णित राहिले आणि खेळ म्हणून ते कंटाळवाणेच होते. परंतु चार दिवस सरहद्दीचा दरवाजा उघडा राहिला आणि गेलेले प्रेक्षक सुखरूप घरी आले, ही त्या दौऱ्याची खरी कमाई.

नागपूरपर्यंत आलेला खेळ

१९६१ सालच्या फेब्रुवारीनंतर दोन्ही देशांतील कसोटी क्रिकेट सतरा वर्षे बंद पडले. १९६५ आणि १९७१ अशी दोन युद्धे मध्ये झाली. १९७४ च्या सप्टेंबरात व्हिसासंबंधी नवा करार झाला आणि नातलगांची ये-जा पुन्हा थोडीफार सुरू झाली. १९७८ साली बिशनसिंग बेदी यांचा संघ पाकिस्तानात गेला आणि क्रिकेटही पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर हा खेळ आपल्या विदर्भाच्या दारापर्यंत आला. ऑक्टोबर १९८३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानावर भारत-पाकिस्तान कसोटी सामना झाला. कपिल देव आणि झहीर अब्बास हे कर्णधार होते व सामना अनिर्णित राहिला. फेब्रुवारी १९८७ मध्ये सरहद्दीवर दोन्ही सैन्ये समोरासमोर असताना जनरल झिया-उल-हक जयपूरचा कसोटी सामना पाहावयास आले. पुढच्याच महिन्यात, २४ मार्च १९८७ रोजी, नागपुरात दोन्ही संघांचा एकदिवसीय सामना झाला व तो पाकिस्तानने जिंकला. आणि त्याच वर्षीचा विश्वचषक तर भारत आणि पाकिस्तान यांनी मिळून भरविला. त्या स्पर्धेत ३१ ऑक्टोबरला नागपुरात चेतन शर्मा यांनी न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक घेतली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तणावाच्या वर्षीही दोन शेजारी एकत्र येऊन जगाचे यजमानपद पार पाडू शकले, ही गोष्ट आजच्या मुलांना खरीही वाटणार नाही.

पुढे २००४ साली भारतीय संघ पाकिस्तानात गेला तेव्हा हजारो भारतीय प्रेक्षकांना व्हिसा मिळाले. लाहोर-कराचीतील टॅक्सीवाले आणि दुकानदार भारतीयांकडून पैसे घेईनात, अशा बातम्या त्या वेळी वर्तमानपत्रांतून आल्या. मार्च २००५ मध्ये मोहालीच्या कसोटीसाठी पाकिस्तानी प्रेक्षक आले तेव्हा हॉटेले अपुरी पडली आणि चंदिगडच्या लोकांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. ३० मार्च २०११ रोजी मोहालीलाच विश्वचषकाचा उपांत्य सामना दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी एकत्र बसून पाहिला. हे सर्व होत असताना कायदा रद्द झाला नव्हता. तिकीट दाखवा, परतीची हमी द्या, ठरल्या दिवशी या आणि ठरल्या दिवशी जा, एवढेच सांगून कायद्याने थोडी जागा करून दिली होती.

दरवाजा मिटतो

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर झालेला भीषण हल्ला आपण विसरू शकत नाही. निरपराध माणसे मारली गेली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, परदेशी पाहुणे होते. अशा प्रत्येक हल्ल्यानंतर दरवाजा अधिकाधिक मिटत गेला आणि त्याचा दोष हल्लेखोरांकडे जातो हे प्रथम म्हटले पाहिजे. जानेवारी २०१३ नंतर दोन्ही देशांत एकमेकांच्या भूमीवर क्रिकेटची मालिका झालेली नाही.

२०२३ च्या विश्वचषकासाठी पाकिस्तानचा संघ भारतात आला, पण त्याला व्हिसा अगदी शेवटच्या दिवसांत मिळाले. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबादच्या सामन्यात पाकिस्तानी प्रेक्षक जवळजवळ नव्हतेच. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नागपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी होती. ऑस्ट्रेलियाचे सलामीचे फलंदाज उस्मान ख्वाजा लहानपणापासून ऑस्ट्रेलियात वाढलेले व त्या देशाचे नागरिक. जन्म इस्लामाबादचा. संघातील इतरांबरोबर त्यांना विमानात बसता आले नाही, व्हिसा उशिरा आला म्हणून ते मागाहून आले. माणूस आज कोण आहे यापेक्षा तो कोठे जन्मला याला कागद अधिक महत्त्व देतो, हे यातून दिसते.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ जणांची क्रूर हत्या झाली. त्यानंतर भारत सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले आणि अटारीची वाट बंद झाली. विश्वचषकासारख्या स्पर्धांतील दोन्ही देशांचे सामने तिसऱ्या देशाच्या मैदानावर खेळविण्याचे तर २०२४ च्या अखेरीसच ठरले होते. एकमेकांपासून पन्नास किलोमीटरवरील अमृतसर आणि लाहोर येथील माणसांनी एकत्र खेळ पाहावयाचा झाला तर दुबईस जावे, अशी वेळ आली. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे जुने चार कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला आहे. कायद्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा.

फाटकावरची सक्ती

खेळाच्या दिवसांत सक्ती वाढविल्याने काय होते, याचेही एक उदाहरण आपल्याच देशात आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ भरले. पंजाबातील आंदोलकांनी निदर्शने करू नयेत म्हणून हरियाणाच्या रस्त्यांवर दिल्लीकडे जाणाऱ्या शिखांना अडवून त्यांच्या झडत्या घेण्यात आल्या. त्यांत देशासाठी लढलेले निवृत्त सेनाधिकारीही होते. हे लोक परदेशी नव्हते, आपल्याच देशाचे नागरिक होते. चेहरा आणि पगडी पाहून संशय घेतला गेला. खेळ पार पडले, पण तो अपमान मनांत राहिला आणि पुढच्या दुःखद वर्षांत त्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागली.

आज हाच प्रश्न अमेरिकेत उभा राहिला आहे. २०२६ चा फुटबॉल विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतील १६ शहरांत ठरला, ४८ संघांचा आणि १०४ सामन्यांचा. त्याआधी २०२५ साली अमेरिकेत बेकायदा राहणाऱ्यांची धरपकड जोरात सुरू झाली. १९ जून २०२५ रोजी लॉस एंजेलिस येथील डॉजर संघाच्या मैदानाच्या फाटकाशी केंद्र सरकारच्या अंमलदारांच्या गाड्या येऊन थांबल्या. आम्ही त्यांना आत येऊ दिले नाही, असे संघाने सांगितले. सरकारी खात्यांनी निराळा खुलासा केला. तेव्हापासून, सामन्यांच्या मैदानांजवळ अशी धरपकड करू नये, ही मागणी तेथे होत आली आहे.

त्याच महिन्यात तेथील अध्यक्षांनी बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. विश्वचषक आणि ऑलिंपिक यांसाठी येणारे खेळाडू, प्रशिक्षक व त्यांचे जवळचे नातलग यांना त्यांत सूट दिली. प्रेक्षकांना मात्र सूट दिली नाही. म्हणजे त्या आदेशानुसार इराणचा खेळाडू मैदानात उतरू शकत होता, पण त्याच्यासाठी टाळी वाजविणारा इराणी माणूस गॅलरीत येऊ शकत नव्हता.

याउलट रशियाने २०१८ साली तिकीट असलेल्या प्रेक्षकांना एक ओळखपत्र देऊन व्हिसाविना प्रवेश दिला. कतारने २०२२ साली ‘हय्या’ कार्डाची तशीच सोय केली. या दोन्ही देशांच्या कारभारावर टीका पुष्कळ झाली आणि कतारमध्ये मैदाने बांधणाऱ्या मजुरांच्या हालांविषयी झालेली टीका तर आपल्यालाही लागू आहे, कारण त्या मजुरांत भारतीय होते. पण प्रेक्षकाला आधी तपासून, नोंद करून, नंतर निर्धास्त फिरू देता येते, एवढे या दोन स्पर्धांनी दाखवून दिले.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

कोणी म्हणेल, खेळाच्या नावाखाली दरवाजे उघडले तर घातपात करणारे शिरतील. हा आक्षेप पोकळ नाही. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली पथकातील अकरा जण मारले गेले. जर्मनीला बर्लिनची आठवण पुसावयाची होती म्हणून म्युनिकला पहारा मुद्दाम सौम्य ठेवला होता. त्याची शिक्षा निरपराध खेळाडूंना भोगावी लागली.

म्हणून दोन कामे वेगळी ओळखली पाहिजेत. शस्त्र घेऊन येणाऱ्याला रोखणे हे पहाऱ्याचे काम आहे आणि ते मैदानावर झालेच पाहिजे. कागदाची मुदत, व्हिसातील शहर, राहण्याची परवानगी हे तपासणे दुसरे काम आहे आणि त्याची जागा सरहद्द व कचेरी ही आहे. ही दोन्ही कामे मैदानाच्या फाटकावर एकत्र केली म्हणजे काय होते? ज्याचा कागद अपुरा आहे तोच घाबरतो असे नव्हे. ज्याचा कागद पुरा आहे पण ज्याचे नाव, वर्ण किंवा बोली वेगळी आहे तोही घरी बसतो. आणि घाबरलेला माणूस खरा घातपाती दिसला तरी पोलिसांकडे जाऊन सांगत नाही. तेव्हा पहाऱ्याचेही यात नुकसानच आहे.

सरहद्दीची तपासणी कडक असावी, यास माझा विरोध नाही. एवढेच म्हणणे आहे की सवलत द्यावयाची तर ती आधी जाहीर करावी, तिची मुदत सांगावी आणि ती खेळाडूइतकीच प्रेक्षकालाही द्यावी. लाहोरला १९५५ साली तसे झाले. बर्लिनला १९३६ साली देखावा झाला. आपण कोणत्या वाटेने जावे हे यावरून ठरवता येते.

आपण काय करावे

पालकहो, मोठ्या सरकारांचे निर्णय वलगावात होत नाहीत. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली म्हणजे कागद. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांतील नावाचे स्पेलिंग व जन्मतारीख एकसारखी आहे की नाही हे आजच तपासा. मुलाचे नाव शाळेत घालताना घाईने लिहिलेले एक अक्षर वीस वर्षांनी विमानतळावर आडवे येते. आपला कागद सरळ असला म्हणजे हक्क मागताना आवाजही सरळ निघतो.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. आपला संघ भारताचा आहे आणि त्यासाठी कोणाला पुरावा देत बसण्याची गरज नाही. १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत अब्बास अली बेग यांच्या धावा झाल्या नाहीत तेव्हा काही लोकांनी त्यांच्या निष्ठेवर संशय घेतला. खेळाडूची एक मालिका वाईट जाते, त्यात धर्म शोधणाऱ्याची नजर वाईट असते. तुम्ही मात्र तशी नजर दुसऱ्या कोणाकडे वळवू नका. शाळेच्या मैदानावर बाहेरगावचा संघ आला तर त्याला आधी पाणी द्या, नंतर हरवा. आणि तुमच्यापैकी जे पुढे वकील, पोलिस अधिकारी किंवा विमानतळावरील अंमलदार होतील त्यांनी समोरच्या मुसाफिराच्या जागी आपल्या आजीला कल्पून पाहावे आणि मग कायदा लावावा.

शेवटी एक आठवण. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांना अमरावतीस नेत असताना आपल्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी अखेरचा श्वास घेतला. या संताने गोरगरिबांसाठी आणि वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः मात्र त्यांत कधी मालकी सांगितली नाही. ज्या मातीत असा माणूस विसावला तेथील मुलांना मुसाफिराचा हक्क काय असतो हे निराळे शिकवावे लागू नये. सरहद्दीचे दरवाजे उद्या उघडतील की नाही हे अल्लाहलाच ठाऊक. ते उघडतील तेव्हा पाहुण्याचे स्वागत करावयास आपली मुले शिकलेली, कायदा जाणणारी आणि मनाने मोठी असावीत, एवढीच दुआ करून मी आपली रजा घेतो.